नाव कमी केले आहे

माझी जीभ तिखट आहे हे अख्ख्या मेहकरात माहीत आहे. मी इथल्या डायलिसिस केंद्रात टेक्निशियन, आणि तिथले पेशंट मला मागून फटाकडी म्हणतात. म्हणू देत. ज्याच्या किडन्या बंद पडल्या आहेत त्याने दिवसभरात किती पाणी प्यावं हे गोड बोलून कोणी ऐकत नाही. मी एकेकाला वजनकाट्यावर उभं करते आणि वजन जास्त भरलं की सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेते.

त्यात माझी ठरलेली गुन्हेगार म्हणजे दुसरबीडच्या अन्नपूर्णाबाई. घरचा भाजीपाल्याचा मळा, स्वभाव मोकळा, आणि तहान अशी की विचारू नका. दर खेपेला माझ्यासाठी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणायच्या, पिशवी हातात द्यायच्या आणि मी काटा बघायच्या आधीच म्हणायच्या, "घोटभरच पेली वो छाया, देवाशपथ." काटा मात्र दोन-तीन किलोंनी पुढे गेलेला असायचा. एकदा तर इंजेक्शनच्या फ्रिजमधला बर्फ तोंडात धरून बसल्या होत्या. मी गाल दाबला तेव्हा खुदकन हसल्या आणि पाणी हनुवटीवर आलं.

त्यांचा मुलगा जीवन त्यांना पाणी मोजून द्यायचा. घरातला माठ त्याने कुलूपबंद खोलीत ठेवला होता. आईला तहानलेलं ठेवणं सोपं नसतं, पण तो ठेवायचा. कारण एक दिवसाआड मशीनवर आलं नाही तर अंगातलं पाणी आधी पायात उतरतं, मग छातीत शिरतं, आणि मग माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, याच शब्दांत.

केंद्र एका ट्रस्टचं. मशिनी थोड्या, पेशंट जास्त, म्हणून प्रत्येकाची पाळी कॉम्प्युटरवर बांधलेली. तो कारभार ऋत्विक बघायचा. शेगावला इंजिनिअरिंग करून आलेला, इथलाच मुलगा, हुशार आणि जरासा आगाऊ. मला छायाताई म्हणायचा आणि मी न विचारता सगळं समजावून सांगायचा.

मधे एक लाजिरवाणा प्रकार झाला होता. एक पेशंट वारले, त्यांचं नाव यादीतून काढायचं राहिलं, आणि दहाव्याच्या दिवशी घरी मेसेज गेला की उद्या सकाळी डायलिसिसला वेळेवर यावे. घरची माणसं येऊन सगळ्या पेशंटसमोर माझ्यावर ओरडली. तेव्हापासून आमचे व्यवस्थापक चिंतामणराव यांनी नियम केला की मृत्यूची खबर आली की लगेच नाव निघालं पाहिजे. त्याच वेळी त्यांनी बाहेरच्या कंपनीकडून आणखी एक सोय करून घेतली. कोणाचंही नाव निघालं, की त्या घरी आपोआप मेसेज जायचा. उपचार मधेच सोडून गेलेले लोक महिन्याने येऊन जागेसाठी भांडायचे, त्यांना आधीच कळावं म्हणून ही सोय.

मंगळवारी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. दुसरबीडच्या स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा धवल बोलत होता.

"मॅडम, आपले माणिकराव गेले. सकाळीच. घरच्याहिनं सांगाले लावलं."

माणिकराव बरेच दिवस खचत चालले होते. मी हळहळले, आणि ऋत्विकला हाक मारून नाव काढायला सांगितलं. त्याने खुर्ची ओढली.

"बसा ताई, दाखवतो. डिलीट करणं म्हंजे गंमत नाही. एका फटक्यात नाव उडालं की उडालं. म्हणून मी आधी बिगिन म्हणतो. त्याच्यानंतर जे काही करीन ते कच्चं. पाहून घ्यायचं, बरोबर असलं तर कमिट म्हणायचं. चुकलं असलं तर रोलबॅक, की सगळं होतं तसं."

मला ते लगेच समजलं. आई शिवणकाम करायची. ब्लाऊजला आधी कच्चा टाका घालायचा, अंगावर धरून बघायचं, बसलं तर मशीन मारायची, नाही तर दोरा ओढून टाकायचा. मी तसं म्हणाले तर तो खूश झाला.

"हाव, तसंच. अन् मी नावावरून नाही काढत. माणिकराव, मानिकराव, माणीक, तुमी लोकं दर वेळी वेगळं लिहिता. मी मोबाईल नंबरावरून काढतो. आत्ता फोन आला तोच नंबर नोंदवलेला आहे, पाह्यलं मी. नंबर कधी चुकत नाही."

त्याने बिगिन टाइप केलं, मग डिलीट, मग तो नंबर. खाली आकडा आला. तीन.

"तीन काऊन बे?" मी म्हणाले. "माणिकराव तं एकलेच गेले."

ऋत्विकने यादी उघडली. माणिकराव नव्हते. दुसरबीडचेच किसनराव नव्हते. बुधवार सकाळच्या पाळीत जिथे अन्नपूर्णाबाईंचं नाव असायचं, तिथे त्यांच्या पुढचं नाव वर सरकून बसलं होतं.

खरं सांगायचं तर भीती वाटली. शेजारीच माझा कॉम्प्युटर होता, त्यावर मी तीच यादी उघडली, तर तिथे तिघंही जागच्या जागी. एका पडद्यावर बाई आहेत, हातभर अंतरावरच्या दुसऱ्या पडद्यावर नाहीत. ऋत्विक म्हणाला, कमिट म्हणेपर्यंत फक्त माझ्या खिडकीत गेल्यात, बाकी जगाला काही माहीत नाही.

घोळ कुठे झाला हे मला कळलं होतं. नोंदणी मीच करते. खेड्यातल्या माणसाला नंबर विचारला की तो स्वतःचा कधीच देत नाही. पोरांची सिमं दर दोन महिन्यांनी बदलतात, रिचार्ज संपलेला असतो, शेतात रेंज नसते. मग ज्याचा फोन हमखास चालू, अशा माणसाचा नंबर देतात. दुसरबीडच्या लोकांसाठी तो माणूस धवल. त्याला मेसेज आला की तो दुकान शेजाऱ्यावर सोपवून त्या घरी जातो आणि वाचून दाखवतो. पैसे घेत नाही की कंटाळा करत नाही. इतका भरवशाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"बरं झालं कच्चा टाका होता," मी म्हणाले.

"म्हणून तर," ऋत्विक म्हणाला आणि त्याने रोलबॅक केलं. तिघंही परत आले. मग त्याने माणिकरावांचा नोंदणी क्रमांक शोधला, पुन्हा बिगिनपासून सगळं केलं, या वेळी आकडा एक आला, आणि त्याने कमिट म्हटलं. चिंतामणराव तिथून चालले होते, त्यांना त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. ते म्हणाले, "शाबास. अशी काळजी सगळ्यांनी घेतली पाहिजे." आम्ही चहा प्यायलो. मी अन्नपूर्णाबाईंचं नाव जाता जाता आणखी एकदा बघून घेतलं. होतं.

बुधवारी सकाळी आठची पाळी लागली आणि दुसरबीडची दोन्ही माणसं आली नाहीत.

पहिल्यांदा मी एसटीला शिव्या घातल्या. जालन्याकडून येणाऱ्या गाड्यांना वेळेचं वावडं आहे. नंतर बाकीच्यांना मशीन लावून झालं, तरी त्या दोन खुर्च्या रिकाम्याच. वैशाखाचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. अन्नपूर्णाबाईंनी आजवर एकही पाळी चुकवली नव्हती, कारण जीवन चुकू देत नव्हता. मी धवलला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही.

तेवढ्यात दार आपटलं. किसनराव आत आले. घामाने निथळत होते, पाय सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"कोन हाय बे तो, ज्यानं माह्यं नाव काढलं? मेलो काय मी? पाह्य, उभा हावो तुह्यासमोर!"

"कोणी काढलं नाही काका," ऋत्विक म्हणाला. "हे पहा, नाव आहे."

"मंग काल धवल काय वाचून गेला? घरचे म्हने, जाऊ द्या आता, दवाखान्यानं हात टेकले. म्या म्हनलं, हट! मी जाऊन पुसतो, माह्यी जागा कोनाले देली म्हनून."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. ऋत्विकचा चेहरा पांढरा पडला होता. तो वाकून पडद्यावर काहीतरी शोधत होता. मग त्याने हात खाली घेतले.

"ताई, मेसेज पाठवायचं काम डिलीटलाच बांधलेलं आहे. मले वाटलं कमिट झाल्यावर जात असतील. ते थांबतच नाहीत. नाव हटलं त्याच क्षणी बाहेर पडतात. रोलबॅकनं नावं परत आली. मेसेज तं गेले ना."

"काय असतं त्या मेसेजमधे?"

त्याने वाचलं. वर पेशंटचं नाव, आणि खाली एवढंच. आपल्या रुग्णाचे नाव केंद्राच्या यादीतून कमी केले आहे. पुढील उपचारासाठी आणू नये. कळावे.

ते 'कळावे' ऐकून माझं डोकं भणाणलं. मी पुन्हा धवलला फोन लावला. या वेळी त्याने उचलला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"धवल, तो मेसेज चुकून गेला. अन्नपूर्णाबाईले घेऊन निघा लवकर."

"चुकून?" तो दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मी अथीसाच हावो, त्याहिच्या घरी. कालपासून सगळे जमेल हायेत. शेगावची पोरगी आली, जावई आले. जीवनभाऊले सांगून पाह्यतो." फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला, नंतर कोणाचं तरी बोलणं. "ते नाही म्हनते. म्हनते, आता हाल नको तिचे."

मी फोन आपटला. किसनरावांच्या हाताला नळ्या लावायला दुसऱ्या टेक्निशियनला बसवलं आणि केंद्राची ॲम्ब्युलन्स काढायला लावली. ऋत्विक न बोलवता मागे बसला. ड्रायव्हर महादेवराव गाडी जोरात हाणत होते. सुलतानपूर गेलं. रस्त्यावर ऊन नुसतं थरथरत होतं.

बीबीच्या अलीकडे ती गोष्ट माझ्या डोक्यात आली. इतका वेळ मी फक्त चुकलेल्या पाळीचा विचार करत होते. पाळी तर अर्ध्या दिवसाने चुकली होती, तेवढं निभावतं. पण दवाखान्याने परत पाठवलेल्या माणसाचं आपण घरी काय करतो? माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्हीच केलं होतं. खाटेभोवती बसतो आणि विचारतो, आई, काय खावंसं वाटतं?

"ऋत्विक, धवलला फोन लाव. सांग, तिला पाणी देऊ नका. काहीच देऊ नका."

त्याने लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. दुसरबीडच्या वेशीपर्यंत तो लावतच होता.

घर शोधावं लागलं नाही. दारात चपलांचा ढीग होता. अंगणात माणसं बसली होती, आमची गाडी बघून उठली आणि वाट दिली. ओसरीच्या कोपऱ्यात शहाळ्यांची टरफलं पडली होती. भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं घेऊन आला होता. आजाऱ्याला रिकाम्या हाताने कोण भेटतं? ताटात टरबुजाच्या फोडी होत्या, काही अर्धवट खाल्लेल्या. नारळपाणी आणि टरबूज, दोन्हींत पोटॅशियम, ते किडनीने बाहेर टाकलं नाही तर हृदय बंद पाडतं, म्हणून आमच्या पेशंटला विषासारखी. मी स्वतः भिंतीवर तसा तक्ता लावला आहे.

अन्नपूर्णाबाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं होता येत नव्हतं म्हणून बसवलं होतं. तोंड सुजून डोळे बारीक झाले होते, आणि श्वास घेताना छातीत घरघर होत होती. पण चेहरा आनंदी होता. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता.

"ये वो छाया," त्या थांबून थांबून म्हणाल्या. "आज... कोनीच आडवत नाही मले. पोटभर पेली. दोन वर्सानं."

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, पाळी पुढे ढकलली आहे आणि माणसं सहज आली आहेत.

जीवन खाटेच्या उशाशी होता. हातात तांब्या. मी त्याला दाराशी ओढलं.

"चूक झाली जीवन. नाव कोणी काढलं नाही. मेसेज मशीनने चुकून पाठवला."

"कायची चूक?" त्याला अर्थच लागत नव्हता. "बाबाच्या टायमाले असंच झालतं. मोठ्या दवाखान्यानं कागद देला, म्हने आता आनू नका, घरी सेवा करा. आमी आयकलं नाही. तीन दवाखाने फिरवले, हाल हाल करून मारलं त्याहिले. आई म्हनायची, माह्ये असे हाल नको करू. म्हनून म्या काल मेसेज आयकला अन् ठरवलं..."

"तिची पाळी आज होती. सकाळी आठ वाजता. मशीन तयार ठेवलं होतं मी."

त्याने हातातल्या तांब्याकडे बघितलं, आणि तो इतक्या हळूच खाली ठेवला की आवाज झाला नाही. ऋत्विक मागे काहीतरी बोलायला गेला. त्याच्याकडे बघायलाही कोणाला फुरसत नव्हती.

आम्ही बाईंना उचलून गाडीत घेतलं. ऑक्सिजन लावला. जीवन पायाशी बसला. मी मनगट धरून होते. नाडी मधेच थांबल्यासारखी व्हायची आणि पुन्हा धडपडत सुरू व्हायची. मी डॉक्टरांना फोन करून काय काय तयार ठेवायचं ते सांगत होते, ओरडूनच सांगत होते.

बीबी मागे पडल्यावर अन्नपूर्णाबाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"जीवन, काल... सगळे काऊन आले होते रे?"

जीवनने मान खाली घातली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे. त्यांना समजलं. मी इतक्या मरणाऱ्या माणसांजवळ बसले आहे, ती नजर मला ओळखू येते.

"मले सांगाचं तं होतं," त्या म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. "पोरीसोबत... नीट बोलली असती."

केंद्राच्या दारात सगळे तयारच उभे होते. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मी हाताला नळ्या लावल्या, मशीन सुरू झालं. पाणी निघायला लागलं होतं. थोडा वेळ मला वाटलं, जमलं. मग पडद्यावरची हृदयाची रेघ रुंद आणि वेडीवाकडी झाली, शहाळ्यांनी जे करायचं ते केलं, आणि डॉक्टर छाती दाबत राहिले तरी ती सरळ झाली ती झालीच. पलीकडच्या खुर्चीत किसनराव नळ्या लावून बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाहेर चिंतामणराव कोणाला तरी फोनवर सांगत होते की आमच्या यंत्रणेत काहीही चुकीचं डिलीट झालेलं नाही, नोंद तपासून घ्या. खोटं बोलत नव्हते. नोंद स्वच्छ होती. मला मात्र त्यांच्या हातातला फोन घेऊन भिंतीवर फोडावासा वाटला. ऋत्विक पायरीवर डोकं धरून बसला होता. त्याच्याशी नंतर बोलू, असं ठरवून मी पुढे गेले.

जीवन बाकावर होता. अंगावरचा सदरा पुढून ओला होता, पाणी पाजताना सांडलेलं असावं. मी शेजारी बसले. तो रडत नव्हता. तो बराच वेळ काहीतरी मोजत असल्यासारखा बोटांकडे बघत होता.

"सिस्टर," तो म्हणाला, "रातच्यान तिनं मागतलं तेवढं देलं म्या. पहाटे ती नोको म्हने, बस झालं. म्या म्हनलं, पे आई, कोनी रागावत नाही. आखरीचे दोन तांबे म्याच जबरदस्तीनं पाजले. ते दोन नसते पाजले, तं वाचली असती का?"

मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं म्हणून लोक मला नावं ठेवतात. मी त्याचा हात हातात घेतला.

"नाही," मी म्हणाले. "त्यानं काही फरक पडला नसता."

दोन वर्षं मी त्याला घोटाघोटाचा हिशेब शिकवला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली, आणि हात सोडवून घेतला.